चरबी वितळवणाऱ्या मशीनने शुगर उतरते का?

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी नागपूरला मानेवाडा रोडला राहते. वय ४८, उंची पाच फूट एक इंच, वजन ७८ किलो. पाच वर्षांपासून शुगर आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड सुरू आहे, तरी तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ८.४ आली. डिसेंबरमध्ये मुलीचं लग्न आहे. धरमपेठेतल्या एका स्लिमिंग क्लिनिकमध्ये चौकशी केली. लाल लाइटचे पट्टे आणि अल्ट्रासाऊंड मिळून १२ सिटिंगचं पॅकेज आहे, ६४ हजार रुपये, हप्त्याने. चरबी वितळून लघवीवाटे जाते, तिसऱ्या सिटिंगपासून गोळ्या बंद करता येतात, असं तिथल्या काउन्सेलर मॅडमनी सांगितलं. सोबत ८०० कॅलरीचा डाएट चार्टही देतात. त्यांच्या पत्रकावरही ‘डायबेटिस रिव्हर्सल’ असं छापलंय. जाऊबाईंनी सहा सिटिंग घेतल्या, घेर दोन इंच कमी झाला, टेप मी स्वतः पाहिला. भाच्याने मोबाइलवर बातमी पाठवली की अल्ट्रासाऊंडने डायबेटिस बरा होतो. यजमान म्हणतात पैसे पाण्यात जातील. मी पाच हजार भरून बसले आहे, सोमवारी पहिली सिटिंग आहे. या वयात दिसण्याचा विचार करते म्हणून माफ करा, पण फोटो आयुष्यभर राहतात. रात्री तळपायांना मुंग्या येतात, ते वयामुळे असावं. काय करू?

ताई,

पॅकेज घेऊ नका, आणि गोळी एकही दिवस चुकवू नका. सोमवार जवळ आहे म्हणून हे आधी सांगितलं. बाकीचं आता सावकाश बोलू.

लेकीच्या लग्नात आईने छान दिसावं असं वाटणं यात माफी मागण्यासारखं काही नाही. तुम्ही मुलीचं लग्न, खरेदी, पाहुणे सगळं एकीकडे सांभाळताय आणि स्वतःच्या शुगरचाही विचार करताय, याचं मला कौतुक वाटलं. म्हणूनच ६४ हजार रुपये आणि हातातले हे पाच महिने चुकीच्या ठिकाणी जाऊ नयेत असं फार वाटतं.

एक छोटी गोष्ट करून बघा. बसल्या जागी पोटाची वळी चिमटीत धरा. चिमटीत आली ती कातडीखालची चरबी. ती दिसते, ब्लाऊज घट्ट करते, फोटोत येते. दुसरी चरबी पोटाच्या स्नायूंच्या आत असते, आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये आणि थोडीशी स्वादुपिंडात. ती चिमटीत येत नाही. शुगर बिघडवण्यात मोठा हात या आतल्या चरबीचा असतो. लिव्हरमध्ये चरबी साचली की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं. रात्री काही न खाताही सकाळची उपाशीपोटीची शुगर १६०-१७० येते, याचं कोडं तुमच्यासारख्या कितीतरी जणींना पडलेलं असतं. त्याचं उत्तर बहुतेक वेळा लिव्हरमध्ये असतं.

आपल्या लोकांत ही आतली चरबी लवकर साचते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! भारतीय बाईचा कमरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं आणि बीएमआय २५ झाला की लठ्ठपणा धरायचा, हे आपल्यासाठीचे कडक आकडे याच कारणाने आले. तुमचा बीएमआय साडेबत्तीसच्या आसपास येतो.

आता ते मशीन. लाल प्रकाशाचे पट्टे म्हणजे कमी शक्तीचा लेसर किंवा एलईडी. हा प्रकार अगदीच थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. १९६७ च्या सुमारास हंगेरीत एंड्रे मेस्टर नावाच्या डॉक्टरांनी उंदरांची पाठ भादरून त्यावर लेसर सोडला, तर तिथले केस लवकर उगवले. तिथून या विषयाचा अभ्यास सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१० साली अशा एका लेसरला आणि २०११ साली एका फोकस्ड अल्ट्रासाऊंड यंत्राला परवानगीही दिली. पण ती कशासाठी दिली हे महत्त्वाचं आहे. कमर-मांड्यांचा घेर कमी दिसावा, एवढ्यापुरती. वजनासाठी नाही, शुगरसाठी तर नाहीच. त्या अल्ट्रासाऊंड यंत्राला तर बीएमआय ३० च्या आत हवा, ही अटही होती. म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर हे उपचार विकले जातात, त्या कागदाप्रमाणे पाहिलं तरी तुम्ही त्यात बसत नाही. हे काउन्सेलर मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं.

लाल प्रकाश कातडीतून फार आत जात नाही, बहुतेक काही मिलिमीटरमध्येच विरतो. फोकस्ड अल्ट्रासाऊंडच्या लाटा कातडीखाली साधारण एक ते दीड सेंटीमीटरवर एकवटतात आणि तिथल्या चरबीच्या पेशी उष्णतेने किंवा हादऱ्याने फोडतात. त्याहून खोल त्या जाऊ नयेत अशीच यंत्राची रचना असते, कारण खाली आतडी आणि लिव्हर आहे. आतल्या चरबीपर्यंत पोचून तीच तोडफोड करणारं मशीन असतं, तर त्याखाली तुम्हाला झोपू द्यायला कुठलाच शहाणा डॉक्टर तयार झाला नसता. ज्या चरबीने तुमची शुगर वाढते, तिथवर हे मशीन जातच नाही.

तुम्ही म्हणाल, आतली नाही तर नाही, बाहेरची कमी झाली तरी थोडा फरक पडेलच ना? हाच प्रश्न अमेरिकेत सेंट लुईसच्या डॉक्टरांनी विचारला होता. १५ लठ्ठ स्त्रिया, त्यातल्या ७ डायबेटिसच्या. लायपोसक्शनने, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याच्या शस्त्रक्रियेने, प्रत्येकीच्या पोटाची साधारण दहा किलो चरबी काढली. दहा किलो, ताई! कुठल्याही लाइटच्या पट्ट्याला जमणार नाही एवढी. १० ते १२ आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिनचा परिणाम होता तेवढाच, शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं जिथल्या तिथे. २००४ साली हे प्रसिद्ध झालं. दहा किलो काढून जे झालं नाही, ते जाऊबाईंच्या दोन इंचांनी कसं होईल?

आणि ‘लघवीवाटे जाते’ हे तर साफ खोटं आहे. फुटलेल्या पेशीतली चरबी लसिकावाहिन्यांतून आणि रक्तातून फिरते, बरीचशी लिव्हरकडे जाते, आणि शरीराने ती जाळली नाही तर पुन्हा साठवली जाते. चरबी शरीराबाहेर खरोखर जाते ती मुख्यतः श्वासावाटे. दहा किलो चरबी पूर्ण जळली की ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. हा हिशेब २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. म्हणून चालताना लागलेला दम हा चरबी बाहेर जाण्याचा खरा रस्ता आहे.

टेपबद्दलही सांगते, कारण तुमचा विश्वास तिथेच बसला. घेर मोजण्याची एक ठरलेली जागा असते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ, यांच्या बरोबर मध्ये. उभं राहून, पाय किंचित फाकवून, श्वास सहज सोडून झाल्यावर, टेप आडवा आणि कातडीला नुसता टेकलेला. सिटिंगच्या आधी टेप बेंबीवर सैल धरला आणि नंतर दोन बोटं वर, जरा आवळून धरला, की सहज दीड-दोन इंचांचा फरक पडतो. त्यातून नंतर मोजताना बाई आपोआप पोट आत घेते. कुणी मुद्दाम फसवत असेलच असं नाही, पण मोजणारी व्यक्ती आणि पॅकेज विकणारी व्यक्ती एकच असेल तर त्या टेपवर विसंबू नये. जाऊबाईंना विचारा, त्यांचं वजन किती उतरलं? आणि त्यांनी त्या सहा सिटिंगच्या काळात भात-पोळी किती कमी केली?

भाच्याने पाठवलेली बातमी बहुधा खऱ्या संशोधनाची आहे. त्याला रागावू नका. २०२२ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की लिव्हरच्या दाराशी असलेल्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर रोज तीन मिनिटं हलक्या अल्ट्रासाऊंड लाटा सोडल्या, तर उंदीर, घुशी आणि डुकरं यांच्यातली वाढलेली शुगर खाली येते. त्यात चरबी फोडायची नसते. लिव्हरकडून मेंदूकडे जाणारा निरोप बदलायचा असतो. कल्पना मोठी सुंदर आहे, आणि माणसांत ती टिकली तर मला मनापासून आनंद होईल. पण माणसांवरचं काम अजून सुरुवातीच्या टप्प्यात आहे आणि उपचार म्हणून त्याला मान्यता नाही. धरमपेठेतलं मशीन वेगळ्या ताकदीचं आणि वेगळ्या कामाचं आहे. नाव तेवढं दोन्हीकडे अल्ट्रासाऊंड. सोनोग्राफीही अल्ट्रासाऊंडच असते, पण तिने कुणाची शुगर उतरलेली नाही.

लाल प्रकाशाचंही तसंच. २०२४ साली लंडनमध्ये ३० निरोगी माणसांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्यांच्या पाठीवर १५ मिनिटं ६७० नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडला, मग ग्लुकोजचं पाणी पाजलं. पुढच्या दोन तासांत शुगरची वाढ सुमारे २८ टक्क्यांनी कमी दिसली. वाचताना मलाही कुतूहल वाटलं. पण ती माणसं डायबेटिसची नव्हती, प्रयोग एका वेळेपुरता होता, आणि तीन महिन्यांच्या शुगरचा त्यात प्रश्नच नव्हता. एवढ्याशा आधारावर कुणी तुमची गोळी काढून घेऊ पाहत असेल, तर मी आडवी येईन.

आता तुम्ही शेवटच्या ओळीत जे सहज लिहून टाकलं, त्याकडे येते. तळपायांच्या मुंग्या.

सक्करदऱ्याला माझी ओपीडी होती तेव्हाची गोष्ट. मे महिना, नागपूरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे, पारा ४५ च्या पुढे. साठीचे एक काका मोज्यासह पाय पुढे करून बसले. मोजा काढला तर तळव्याला चार फोड, एक फुटलेला. भर दुपारी देवळाच्या आवारातल्या फरशीवर त्यांनी अनवाणी प्रदक्षिणा घातल्या होत्या. मी विचारलं, चटका नाही बसला? म्हणाले, “नाही ना बाप्पा, मोजा ओला लागला म्हणून पाहिलं.” मी नायलॉनचा जाडसर धागा घेतला. तो तळव्याला टेकवून किंचित वाकेपर्यंत दाबायचा असतो, म्हणजे १० ग्रॅमचा दाब पडतो. काकांना डोळे मिटायला सांगून दहा जागी टेकवला. त्यांनी तीनदा ‘हो’ म्हटलं. त्यांच्या शुगरला तेव्हा सात वर्षं झाली होती, आणि मुंग्या येणं कधीचं थांबलं होतं. त्यांना वाटत होतं, बरं झालं.

ताई, शुगरच्या माणसाच्या मुंग्या वयाच्या नावावर टाकायच्या नसतात. हा मज्जातंतूंना इजा होत असल्याचा इशारा असू शकतो. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्याने बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊनही असं होतं, म्हणून रक्ताची ती तपासणीही करून घ्या. ती साधी आहे आणि त्यावर उपायही सोपा आहे. पण ज्या शरीराची जाणीव मंदावते आहे, त्यावर उष्णता देणारं मशीन चालवणं मला मान्य नाही. अशा उपचारांत चरबीचं तापमान ५५ अंशांच्या वर नेलं जातं. चटका बसतोय हे सांगण्याचं काम तुमच्या नसांचं असतं. पोटावरची जाणीव बहुतेक शाबूत असेल, पण ती तपासल्याशिवाय कोण खात्री देणार? आणि ८.४ शुगरमध्ये भाजलेली जखम लवकर भरत नाही.

गोळ्या बंद करण्याचा मुद्दा याहून गंभीर आहे. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, अशाच एका सेंटरच्या सांगण्यावरून त्यांनी दोन्ही गोळ्या सोडल्या होत्या. पाठीवर मुठीएवढं गळू आणि शुगर ४६०. अकरा दिवस भरती राहाव्या लागल्या. पॅकेजच्या पावतीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा वैद्यकीय उपचार नाही.

याच्या उलटही घडतं, आणि ते जास्त लवकर घडतं. तुमच्या ८०० कॅलरीच्या चार्टची मला म्हणूनच काळजी वाटते. ग्लिमेपिराइड पोटात गेलं की ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतं, तुम्ही जेवा की न जेवा. गोळी पूर्ण आणि जेवण अर्धं झालं की शुगर ७० च्या खाली घसरते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं, माणूस भांबावतो. लग्नाच्या खरेदीला इतवारीत भर गर्दीत असं झालं तर? पर्समध्ये ग्लुकोजची पुडी किंवा साखर कायम असू द्या. थरथर सुरू झाली की तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा शुगर बघायची.

कमी कॅलरी वाईट असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये ‘डायरेक्ट’ नावाचा प्रयोग झाला, २०१७ साली त्याचे आकडे आले. सहा वर्षांच्या आतला डायबेटिस असलेल्या लोकांना तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० कॅलरीवर ठेवलं. वर्षाच्या शेवटी त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय ताब्यात होती. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात तर ८६ टक्के. तिथेही गोळ्या पहिल्या दिवसापासून बंद केल्या होत्या. पण त्या डॉक्टरांनी, रुग्ण निवडून, तपासण्या करून, नियमित देखरेखीखाली बंद केल्या होत्या. रिव्हर्सल म्हणतात ते हेच. तो खरा आहे, आणि तुमच्या पाच वर्षांच्या शुगरलाही त्याची आशा आहे. मात्र तो वजन उतरल्याने होतो, लिव्हरमधली चरबी वितळल्याने होतो. उद्या क्लिनिकच्या पॅकेजमध्ये कुणाची शुगर खरंच उतरलेली दिसली तर ती त्या डाएट चार्टने उतरलेली असेल, आणि चार्टसाठी लाइटखाली झोपावं लागत नाही.

आता प्रकाश आणि ध्वनी यांचा तुम्हाला खरोखर उपयोग कुठे आहे, ते सांगते. हे सांगताना मला बरं वाटतं, कारण मी या दोन्हींच्या विरोधात नाही.

पहिला तुमचा डोळा. पाच वर्षांत एकदाही डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. डायबेटिसने पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात, नवीन ठिसूळ वाहिन्या उगवतात, आणि दृष्टी चांगली असतानाच हे आतल्या आत चालू असतं. याच्यावर लेसर आहे, आणि हा प्रकाशाचा उपचार आमच्या विद्येतल्या सर्वांत भक्कम उपचारांपैकी एक आहे. याचीही एक गोष्ट आहे. १९४५ साली जर्मनीत सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजलेले रुग्ण गेर्ड मायर-श्विकेराथ या डॉक्टरांकडे आले. प्रकाशाने पडद्यावर डाग पडतो, तर तो नेमका पाडून उपचार का करू नये, असं त्यांच्या मनात आलं. सुरुवातीला त्यांनी सूर्याचाच प्रकाश आरशांनी डोळ्यात वळवला, मग दिवे आले, मग लेसर. १९७६ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की वेळेवर केलेल्या या उपचाराने दृष्टी जाण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं. मेडिकलला, मेयोला किंवा मिहानमधल्या एम्सला, या आपल्या सरकारी रुग्णालयांपैकी कुठेही, डोळ्यांच्या ओपीडीत जा आणि सांगा, शुगर आहे, थेंब टाकून पडदा बघायचा आहे. धंतोली-रामदासपेठेत खासगी डॉक्टरही भरपूर आहेत. थेंब टाकल्यावर तीन-चार तास अंधुक दिसतं, तेव्हा यजमानांना सोबत न्या, स्कूटी चालवू नका.

दुसरं, पोटाची सोनोग्राफी, लिव्हरसाठी. सोय असेल तिथे फायब्रोस्कॅनही करता येतं, त्यात ध्वनीच्या लहरींनी लिव्हर किती कडक झालंय ते मोजतात. तुमची आतली चरबी कुठे आणि किती, हे कळायला टेपपेक्षा याचा उपयोग जास्त.

प्रकाशाचं आणखी एक घरगुती काम आहे, ते म्हणजे तो रात्री बंद करणं. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २०२२ साली तरुण निरोगी माणसांना एक रात्र मध्यम उजेडात झोपवलं, तर सकाळी त्यांचं इन्सुलिन नीट काम करत नव्हतं. टीव्ही चालू ठेवून झोपायची सवय असेल तर ती सोडा, यजमानांची असेल तरीही.

मग डिसेंबरपर्यंत काय? जुलै ते नोव्हेंबर पाच महिने आहेत. पाच-सहा किलो उतरवणं तुमच्या आवाक्यात आहे, आणि तेवढ्यानेही शुगर हलते. मी तुम्हाला तर्री-पोहे सोडा असं सांगणार नाही, महिन्यात एका रविवारी खा, प्लेट एकच, आणि वरची तर्री कमी. रात्रीचा भात मात्र बंद करा. रात्री एक लहान ज्वारीची भाकर, वाटीभर घट्ट वरण किंवा चून (पिठलं), आणि भाजी दुप्पट. आधी भाजी-वरण, मग भाकर, हा क्रम ठेवला तर जेवणानंतरची शुगर कमी चढते. चहाबरोबरचे टोस्ट आणि खारी हे तुमच्याकडे येत असतील असा माझा अंदाज आहे, जवळजवळ प्रत्येक घरात येतात. ते आणणंच बंद करा. जेवणानंतर लगेच दहा-पंधरा मिनिटं चाला, पावसात घरातल्या घरात. दिवसातून दोनदा हात न टेकवता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. मांडीचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून हे सांगते. या बदलांनी शुगर खाली येऊ लागेल, तेव्हा ग्लिमेपिराइड कमी करण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारायचंच आहे, म्हणून ग्लुकोमीटरवर आठवड्यातून तीन-चारदा तपासून वहीत मांडत जा.

डॉक्टरांना आणखी एक विचारा. २०२५ पासून आपल्याकडे टिर्झेपेटाइड मिळतंय, सेमाग्लुटाइडही वजनासाठीच्या डोसमध्ये आलंय. आठवड्याला एक इंजेक्शन, भूक कमी होते, वजन आणि शुगर दोन्ही उतरतात. यांच्यामागे हजारो रुग्णांवरचे अभ्यास आहेत. सगळ्यांना मानवतात असं नाही, मळमळ होते, खर्च आहे, आणि शुगर फार झपाट्याने उतरली तर आधीच बिघडलेला पडदा आणखी बिघडू शकतो. म्हणूनही डोळ्यांची तपासणी आधी.

पाच हजारांचं. क्लिनिकला आजच लेखी कळवा, व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हीवर, की सिटिंग रद्द, पैसे परत करा. हप्त्यासाठी कर्जाच्या अर्जावर सही केली असेल तर फायनान्स कंपनीलाही तेच कळवा, नाहीतर सिटिंग न घेता हप्ते कापले जातील. पत्रक जपून ठेवा. आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा १९५४ चा कायदा आहे, त्याच्या यादीत डायबेटिस आणि लठ्ठपणा ही दोन्ही नावं आहेत. या आजारांवर उपचाराचे दावे करून जाहिरात करायला त्यात मनाई आहे. पैसे द्यायला टाळाटाळ केली तर त्या पत्रकाचा फोटो दाखवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. यजमान बरोबर होते, पण त्यांना पत्र दाखवताना हेही सांगा की पडद्याच्या तपासणीला सुट्टी टाकून सोबत यायचं आहे.

पायात घरातसुद्धा मऊ चप्पल घाला. लग्नात मांडवात चप्पल काढावी लागेल तेव्हा जाड सुती मोजे चालतील, पैठणीखाली कुणाला दिसत नाहीत.

आणि ब्लाऊजचं माप इतक्यात देऊ नका. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात द्या, आणि शिंपीदादांना सांगा, आत दोन्ही बाजूंना इंचभर माया ठेवा.